मौन वाचनाचा तास

"भूक लागली का रे?" असं बेबीनंदानं विचारलं तेव्हा कडूबानं आधी भिंतीकडे पाहिलं. सहज नजर गेली असं नव्हे. त्यानं भिंतीवरच्या वेळापत्रकावर डोळे लावले, बोट हवेतच हलवून रकाना शोधला आणि मग मान हलवली. "न्हाई." तवा तापला होता. ज्वारीचं पीठ तिच्या बोटांना चिकटलेलं होतं. बाहेर गल्लीत भंगारवाल्याची हाक ओढत ओढत लांब गेली. सहा वर्षांच्या पोराला आपली भूक भिंतीवर वाचावी लागते, असा विचार काही तिच्या मनात सरळ आला नाही. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि पाणी चर्रकन वाळताना पाहत म्हणाली, "शहाणं माझं लेकरू." कडूबा हसला नाही. हसण्यासारखं काही झालंय का, हेही त्यानं भिंतीकडे बघून ठरवलं असतं, असं तिला वाटून गेलं. तो आपल्या चटईवर जाऊन बसला. त्याची थोरली बहीण सोजर तिथे आधीच बसलेली होती, पाठ ताठ, पाटी मांडीवर, वेणीची रिबन दोन्हीकडे बरोबर सारखी.

वेळापत्रक तिनं कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर केलं होतं. तिचा नवरा भुजंग जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत फिल्डवर होता. आठवडाभर मंठा, परतूर, तीर्थपुरी असा मोटारसायकलवर हिंडायचा, शनिवारी घरी यायचा, आणि बियाण्याला चोळलेल्या औषधानं त्याची बोटं कायम गुलाबी असायची. कॅलेंडरवरचा कापसाचं बोंड धरून हसणारा शेतकरी आता भिंतीला तोंड करून होता, आणि त्याच्या पाठीवर बेबीनंदानं चार रंगांच्या पेनांनी चौकोन आखले होते. प्रार्थना. पाढे. शुद्धलेखन. दूध. गणित. हात धुणे, जेवण. मौन वाचन. झोप. चित्र. शुभंकरोती. आखताना पट्टीखाली पेन सरकतो तेव्हा होणारा तो बारीक आवाज तिला फार आवडायचा. अंबडला डी.एड. करत असताना पाठाचं टाचण काढायला लागायचं. उद्याच्या तासाला काय शिकवायचं, कोणता प्रश्न विचारायचा, मुलं काय उत्तर देतील, हे सगळं आदल्या दिवशी लिहून काढायचं. तिची टाचणं सगळ्या मुलींमध्ये देखणी. बाकीच्या मुली म्हणायच्या, बेबी, तुझं टाचण बघितलं की पाठ घ्यायची गरजच वाटत न्हाई गं. मग लग्न झालं. नोकरीचं आज होईल उद्या होईल करता करता राहून गेलं, आणि टाचणं माहेरच्या माळ्यावर कुठेतरी वाळवीनं खाल्ली असतील. आता पुन्हा रविवारच्या दुपारी, लेकरं झोपलेली असताना, ती पुढचा आठवडा कागदावर मांडायची. सोजरची पुस्तकं निळ्या कागदात, कडूबाची तांबड्या. पाट्यांना दोन खिळे, दप्तरांना दोन. बिस्किटाच्या डब्यात खडू, तेलाच्या रिकाम्या डब्यात पेन्सिली टोकं वर करून. देव्हाऱ्यातली पितळी घंटी तिनं घरातल्या या शाळेसाठी घेतली होती. सासू गोजरबाई तीर्थपुरीहून आली तेव्हा तिला ते पटलं नाही. "देवाची घंटी लेकराला कायला गं?" ती म्हणाली. "देवाला उशीर झाला तर चालतो, आत्या," बेबीनंदा म्हणाली होती, आणि आपण काय बोललो याचं तिचं तिलाच हसू आलं होतं.

सुरुवातीला खरंच सगळं फार चांगलं चाललं होतं. ते आठवलं की तिला अजून बरं वाटायचं. शाळेत हाताची बोटं मोजून बेरीज करणारी सोजर इथे दोन महिन्यांत भागाकार करायला लागली. कडूबाला 'ष' काढता येऊ लागला. कुणी पाहुणा आला की ती मुद्दाम घंटी वाजवून दाखवायची. लेकरं एक पुस्तक मिटून दुसरं काढायची, आणि पाहुण्याचा चहाचा कप हातातच राहायचा. शेजारची हसीना मात्र चौकटीत उभी राहून नुसती बघायची. हसीना घरात शिवणकाम करायची, तिचा नवरा महेमूद ऑटोरिक्षा चालवायचा. एकदा वाळत घातलेले कपडे काढता काढता हसीना म्हणाली, "भाभी, एक बात बोलू? तुमारे घर में से बच्चों की आवाजच नै आती. कभी कभी मेरेकू लगता, घर में कोई हैच नै." बेबीनंदाला ती स्तुती वाटली. तिनं भुजंगला सांगितलीसुद्धा. भुजंग तेव्हा पाय धूत होता. पाय धुता धुता थांबला. पाणी तसंच तांब्यातून सांडत राहिलं.

शाळा सोडवायचं कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. शहाण्णवच्या पावसाळ्यात कडूबा पहिलीत होता, आणि एका दुपारी मधल्या सुट्टीत तो शाळेतून निघून गेला. शाळा सुटली, मुलं घरी आली, सोजर एकटी आली. "तो कुठंय?" "माहीत न्हाई. मला वाटलं तो आल्ता." बेबीनंदा अनवाणी शाळेपर्यंत गेली. शिपायानं फाटक लावायला घेतलं होतं. गुरुजी म्हणाले, हजेरीला तर होता बुवा. त्या म्हणण्यात एक प्रकारचं समाधान होतं. हजेरी झालेली आहे म्हणजे आपल्याकडून काम झालं. मग ती गल्ल्यांतून फिरली, मामा चौकापर्यंत, बसस्टँडच्या मागे, रसवंतीवाल्याला विचारत, चपलांच्या दुकानदाराला विचारत. आणि या सगळ्या वेळात तिच्या डोळ्यांसमोर पोराचं तोंड येत नव्हतं. त्याच्या शर्टाचा रंगही आठवत नव्हता. येत होती ती फक्त एक रिकामी जागा, चौकोनी, पोराच्या आकाराचीसुद्धा नव्हे. दिवे लागायच्या सुमारास महेमूदनं त्याला मोती तलावाच्या काठावरून रिक्षात घालून आणला. तो पाण्यात खडे टाकत बसला होता. वर्गातली पोरं त्याला नावावरून चिडवत होती म्हणून तो निघाला होता. कडू, कडू, थू थू. त्याच्या आधीचा मुलगा पाळण्यातच गेला म्हणून गोजरबाईनं याचं नाव कडूबा ठेवलं होतं. कडू जिन्नसाला काळ तोंड लावत नाही, असं ती म्हणायची. बेबीनंदानं पोराला उचललं तेव्हा त्याच्या चड्डीला तलावाचा शेवाळी वास होता. त्या वासासकट तिनं त्याला इतकं दाबून धरलं की तो ओरडला. दुसऱ्या दिवशी दोघांची दप्तरं खिळ्याला लागली ती लागलीच. सोजरला का काढलं, हे भुजंगनं विचारलं; त्याचं उत्तर तिला धड देता आलं नव्हतं. पण चौकोन आखून झाले आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला नेमकं काय हवं होतं. दिवसातल्या कुठल्याही घटकेला नुसतं भिंतीकडे बघायचं, आणि आपली दोन्ही लेकरं कुठे आहेत, काय करत आहेत, ते कळायचं. एकही घटका रिकामी नाही. रिकाम्या घटकेलाच तलाव होता.

भुजंग एका शनिवारी मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात आला तेव्हा चित्रकलेचा तास चालला होता. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता. अलीम, हसीनाचा पोरगा, बाकीच्या पोरांबरोबर गाडीच्या मागे धावत आला होता. भुजंग उंबऱ्यात उभा राहिला. सोजरनं डोळे वर केले आणि परत कागदावर आणले. कडूबानं बापाकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं, मग खाली. भुजंग हसला. "काय रे, बापालाबी तास लागतो का आता?" सोजरची पेन्सिल कागदावर चालतच राहिली. तो पिशवी हातात धरून तसाच उभा. बेबीनंदा आतून म्हणाली, "व्हतंच आलंय, बसा की जरा." तो बसला. स्वतःच्या घरात, पाहुण्यासारखा, खुर्चीच्या कडेला. घंटी वाजल्यावर लेकरं उठून त्याच्याजवळ गेली, पाया पडली, मोसंबी घेतली. भुजंगनं कडूबाला मांडीवर घेतलं, तर पोरगं अवघडून बसलं, परक्याच्या मांडीवर बसतात तसं. नंतर स्वयंपाकघरात येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "हे काय करून राह्यलीस तू, बेबी?"

"शिकवून राह्यले."

"शिकवणं असं अस्तं व्हय? बाहेर अलीम बघ, त्याच्या नाकात शेंबूड हाय, चड्डी फाटली, पण बाप आला की गाडीला लटकतंय ते पोरगं."

"अलीम हरवला न्हाई कधी," ती म्हणाली. "तुम्ही विसरले. तुम्ही त्या दिवशी परतूरला व्हता."

हे त्याला लागेल, हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच ती ते बोलली होती. त्यानं गुलाबी बोटं चोळली. "जूनला साळंत घालू," शेवटी म्हणाला. "दुसरीकडं घालू, पण साळंत घालू." ती भांडी घासत राहिली. जून अजून लांब होता.

त्या संध्याकाळनंतर तिच्या मनात काहीतरी फिरत राहिलं. पाण्याच्या हौदात तळाशी काही हललं की वर नुसता गोल वळसा दिसतो, तसं. फाल्गुनातली एक गोष्ट तिला पुन्हा पुन्हा आठवायला लागली. गणिताचा तास संपल्यावर चटई ओली दिसली होती. कडूबा कोपऱ्यात उभा होता आणि सोजर जुन्या फडक्यानं चटई पुसत होती. चड्डी तिनं आधीच बदलून दिली होती, ओली चड्डी पिळून वाळत टाकली होती. "त्याला लागली होती, पण मी थांब म्हणलं," सोजर म्हणाली. "तास व्हता." बेबीनंदानं तेव्हा सोजरच्या केसांवरून हात फिरवला होता. किती समजूतदार पोर, नऊ वर्षांची, आणि आईला हाकसुद्धा मारली नाही. त्या रविवारी तिनं वेळापत्रकात दुधाच्या चौकोनाखाली बारीक अक्षरात 'लघवी' असं लिहिलं, दोन ठिकाणी. प्रश्न मिटला असं वाटलं. आता ते आठवताना तिला सोजरचा हात दिसत होता, फडकं पिळणारा, लहानसा, आणि त्याची सफाई एखाद्या बाईच्या हाताची. त्या हाताला कुणी शिकवलं, असं ती स्वतःला विचारायला जायची, आणि तेवढ्यात पुढच्या तासाची वेळ झालेली असायची. घंटी वाजवायची. घंटी वाजवली की विचार थांबायचा. हेही तिच्या लक्षात आलं होतं.

मे महिना लागला. गल्लीतल्या शाळा सुटल्या, पोरं दिवसभर उन्हात ओरडत फिरायला लागली. बेबीनंदाची शाळा चालूच होती. लोखंडाच्या कारखान्यांकडून येणारा धूर हवेत तसाच लटकून राहायचा, पत्रे तडतडायचे, दुपारी वीज जायची ती ऊन उतरल्यावर यायची. भुजंगनं कंपनीची रिकामी पोती आणून पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात रचून ठेवली होती, पावसाळ्यात दारात टाकायला होतील म्हणून. त्या दुपारीही वीज गेलेली होती. जेवणं झाली होती, मौन वाचन सुरू झालं होतं, आणि ती मधलं दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. पुढच्या खोलीतून काही आवाज येत नव्हता. एकदा पान उलटल्यासारखं झालं. एकदा कुणाची तरी पाटी फरशीवर टेकल्यासारखी वाजली. मग पुन्हा काही नाही. डाळीतला खडा तिनं बाजूला काढला. बाहेर हसीनाचं मशीन चालत होतं, थांबत होतं, चालत होतं. शांतता इतकी भरलेली होती की तिला तिचा एक प्रकारचा गारवा लागला. उन्हात माठाला हात लावावा तसा. आपल्या दोन लेकरांची शांतता. ती आपण केली आहे, असं तिला वाटलं. अभिमान वाटला. ही गोष्ट तिला पुढे कधीच विसरता आली नाही, की त्या वेळी तिला बरं वाटत होतं. सूप बाजूला ठेवून ती थोडा वेळ नुसती बसून राहिली, डोळे मिटून, ती शांतता ऐकत.

मग उठली, दार उघडलं, घंटी वाजवली.

"आई," कडूबा म्हणाला, "मला कायतरी चावलं."

तो भिंतीला टेकून बसला होता. पुस्तक मांडीवर उघडं होतं. चेहरा घामानं निथळत होता, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि त्यानं आपला डावा पाय दोन्ही हातांनी घोट्याशी घट्ट आवळून धरला होता. खालच्या ओठावर रक्त होतं. तिला आधी वाटलं ओठालाच काही चावलं. नंतर कळलं, ते त्याचेच दात.

"कधी? कधी चावलं?"

कडूबानं सोजरकडे पाहिलं.

"वाचन सुरू झालं तेव्हा," सोजर म्हणाली. "विंचू व्हता. लाल. पोत्याखाली गेला परत." तिचा आवाज धडा वाचताना असतो तसा होता. "तो ओरडायला लागल्ता. मी म्हणलं, थांब, तास हाय. मंग थांबला तो."

बेबीनंदानं पोराला उचललं. त्याचे हात मे महिन्यात बर्फासारखे गार होते. छातीतली धडधड तिच्या छातीला लागत होती, पाखरू हातात धरल्यासारखी. ती अशी ओरडली की हसीनाचं मशीन मध्येच थांबलं. महेमूद जेवायला घरी आला होता, तो हात न धुताच उठला. "भाभी, बैठो जल्दी, कुछ मत पूछो," म्हणाला आणि रिक्षा काढली. सोजर मागे न सांगता येऊन बसली. पायात चपला घालून, आईच्याही चपला हातात घेऊन. वाटेत कडूबानं उलटी केली. पुलावर बैलगाडी आडवी होती, महेमूद शिव्या देत होता, आणि बेबीनंदाच्या तोंडून एकच शब्द निघत होता, "रड, बाबा. रड ना. रड." कडूबा रडला नाही. बोलण्याइतकीही ताकद आता त्याच्यात नव्हती. त्याचे डोळे उघडे होते आणि रिक्षाच्या टपाकडे बघत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं नखं पाहिली, छातीला नळी लावली, आणि लगेच कुणाला तरी हाक मारली. "काळा असता तर नुसता ठणका होता. हा लाल. हा काळजाला धरतो. किती वेळ झाला?" बेबीनंदानं सोजरकडे पाहिलं. "बाई, वेळ सांगा. औषध त्याच्यावर हाय. आत्ता चावला का?"

"मौन वाचन सुरू झालं तेव्हा," सोजर म्हणाली.

"काय?"

"जेवण झाल्यावर."

डॉक्टरनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "जेवण झाल्यावर? आणि आणलं आत्ता? लाल विंचू चावल्यावर मोठा गडी लोळतो, बाई. हे लेकरू रडलं न्हाई? तुम्हाला ऐकू आलं न्हाई?" तो उत्तराची वाट न बघता आत गेला. पडदा ओढला गेला. पडद्याखालून पळणारे पाय दिसत राहिले. ऐकू आलं नाही. तेच तर ती ऐकत होती. सूप बाजूला ठेवून, डोळे मिटून. तिला भिंतीला धरून खाली बसावं लागलं, आणि भिंतीचा चुना तिच्या हाताला लागला, कोरडा, घामात कालवत गेलेला. महेमूद दारात उभा राहून पुटपुटत दुआ मागत होता. बाकावर सोजर बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर.

"सोजर," बेबीनंदा म्हणाली. "तुझी चूक न्हाई, बाळा. तू लहान हायस. तुझी काही चूक न्हाई."

सोजरनं आईकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती, रडू नव्हतं. गणितात आई हातचा विसरली तर असते तशी थोडी शंका होती. "चूक कुठं झाली, आई?" ती म्हणाली. "घंटी झाल्यावरच बोलला तो."

भुजंग संध्याकाळी मंठ्याहून आला. कुणीतरी कंपनीत फोन केला होता. त्यानं काय झालं ते विचारलं, बेबीनंदानं सांगितलं, सगळं, काही न वगळता. ती वाट बघत राहिली की तो आता मारील, ओरडेल, निदान त्या शनिवारचं बोलणं काढील. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला आणि आपली गुलाबी बोटं चेहऱ्यावर धरून हुंदके देत राहिला. ते हुंदके तिला ऐकवत नव्हते आणि थांबू नयेत असंही वाटत होतं. कडूबाच्या नाकाला नळी होती. छाती फुग्यासारखी वर येत होती, खाली जात होती, मध्येच थांबल्यासारखी होत होती, आणि त्या प्रत्येक थांबण्यात बेबीनंदा पुरती मरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या हातांना ऊब आली. परिचारिकेनं सुई टोचली तेव्हा तो पहिल्यांदा रडला. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग वॉर्डातल्या सगळ्या बाया उठून बघायला लागल्या इतक्या मोठ्यानं. "काय गळा हाय बाई पोराचा!" परिचारिका म्हणाली. बेबीनंदा त्याच्या उशाशी बसून ते रडणं पीत राहिली.

घरी आल्यावर भुजंगनं पोती जाळली. वेळापत्रक तिनं स्वतः काढलं आणि चुलीत घातलं. घंटी देव्हाऱ्यात गेली. जून लागताच दोघांना दुसऱ्या शाळेत घातलं. कडूबाचं भराभर बदललं. पहिल्या महिन्यात त्यानं पाटी फोडली, दुसऱ्या महिन्यात एका पोराचं डोकं. कुणी नावावरून चिडवलं की मारतो, अशी तक्रार आली, आणि भुजंग तक्रार ऐकून पोराला मोसंबी सोलून देत बसला. घरात आरडाओरडा सुरू झाला. हसीना कुंपणावरून म्हणाली, "अब अच्छा लगता भाभी, कान फाड रहा है." बेबीनंदा हसली. पण संध्याकाळी तो आरडाओरडा चाललेला असताना सोजर खिडकीत पुस्तक घेऊन बसायची, आणि अधूनमधून भावाकडे बघायची. रागानं नव्हे. रिक्षा येईपर्यंत थांबलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसं. तिच्याशी बोलायचं, असं बेबीनंदा रोज ठरवायची. जवळ बसायची, वेणी घालायची, "खेळायला जा ना बाहेर, हसीनाकडं जा," म्हणायची. "जाते," सोजर म्हणायची, आणि जायची, आणि थोड्या वेळानं परत यायची, सांगितलेलं काम करून आल्यासारखी. एकदा बेबीनंदानं तिला मुद्दाम गुदगुल्या केल्या. सोजर हसली. बेबीनंदाचा हात थांबला की लगेच तिचं हसू थांबलं.

श्रावणात शाळेतून निरोप आला की सोजरच्या आईनं येऊन भेटावं. शाळेतून निरोप या शब्दांनीच तिला तलावाचा वास यायचा. वर्गशिक्षिका केशरबाई ऑफिसात चहा पीत होत्या, जाड, घामेजलेल्या, मायाळू बाई. "बसा बसा. घाबरू नका," त्या म्हणाल्या. "कौतुक करायला बोलावलं. अहो, चोवीस वर्षं शिकवून राह्यले, अशी पोरगी पाह्यली न्हाई. काय वळण लावलंय तुम्ही! मी तिला मॉनिटर केलं. आता बघा, मी इथं निवांत चहा पिऊन राह्यले, आणि वर्गातून एक आवाज हाय का? बिलकुल न्हाई. दुसऱ्या बाया मला विचारतात, तुमी पोरांला काय करता म्हणून. मी म्हणते, मी काय करत न्हाई बाई, आमची सोजर करती." चहा पुढे केला. बेबीनंदानं तो घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. "जाऊन बघा की," केशरबाई म्हणाल्या. "बरं वाटंल तुम्हाला."

लांब व्हरांडा होता. पहिल्या वर्गातून पाढ्यांचा गलका येत होता, दुसऱ्यातून भांडण, तिसऱ्यात कुणीतरी बाक बडवत होतं. चौथ्या खोलीपाशी सगळं एकदम संपलं. तिला वाटलं खोली रिकामी आहे. तिनं खिडकीचे गज धरले आणि आत पाहिलं. आत पोरं होती, बाकाला बाक लागून, गच्च. हाताची घडी घालून, तोंडं बंद. पुढच्या बाकावरच्या पोराच्या नाकातून शेंबूड ओठापर्यंत आला होता, तो पुसत नव्हता. फळ्यापाशी सोजर उभी होती. रिबन दोन्हीकडे बरोबर सारखी. फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणारे' असं लिहून खाली रेघ मारली होती, आणि रेघेखाली एकही नाव नव्हतं. मागच्या बाकावर एका लहानशा मुलीनं करंगळी वर केली होती. चेहरा आक्रसलेला, गुडघे एकमेकांवर दाबलेले. किती वेळ केली होती कोण जाणे. दंड थरथरत होता. सोजरनं तिच्याकडे पाहिलं, रागावून नाही, अगदी प्रेमानं, आणि हळूच मान हलवली. थांब.

"सोजर!" बेबीनंदा ओरडली.

सगळी पोरं दचकली, पण हसलं कुणी नाही, वळून बघितलंसुद्धा कुणी नाही. फक्त सोजरनं वळून पाहिलं. आई खिडकीत उभी आहे याचं तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"सोजर, तिला जाऊ दे. जाऊ दे गं तिला. सोजर!"

सोजरनं खडू घेतला. फळ्याकडे वळली, टाचा उंचावल्या, आणि रेघेखाली सावकाश, शिकवल्यासारख्या वळणदार अक्षरात, वर सरळ शिरोरेघ देऊन, लिहिलं: आई. मग खडू जागेवर ठेवला, बोटांची पूड झटकली आणि आईकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

आणि खिडकीचे गज धरून उभी असलेली बेबीनंदा गप्प झाली.